किरणोपचारानंतर नजरेची राखण

डोळ्यातील कर्करोगावर किरणोपचार झाला, गाठ आटू लागली आणि डोळा जागेवर राहिला, म्हणजे उपचार संपला, असे रुग्णास व त्याच्या घरच्या मंडळींस वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. ज्या किरणांनी गाठ मारली, तेच किरण गाठीशेजारच्या निरोगी दृष्टिपटलातून गेलेले असतात. तेथील बारीक रक्तवाहिन्यांना झालेली इजा त्या दिवशी दिसत नाही, त्या महिन्यातही दिसत नाही. ती साधारणतः सहा महिन्यांनंतर व पुढील दोन-तीन वर्षांत डोके वर काढते. त्या सुमारास रुग्ण शेतीवाडीच्या वा नोकरीच्या कामास लागलेला असतो आणि तपासणीचा कागद पेटीच्या तळाशी गेलेला असतो. डोळा वाचूनही नजर जाते, ती बहुधा या अवधीत. प्रस्तुत लेखात या अवधीचा विचार करावयाचा आहे. इंदूर व आसपासच्या माळवा-निमाड भागातील मराठी कुटुंबे, शाळांतील शिक्षक आणि आरोग्य व महसूल खात्यांतील कर्मचारी यांना त्याचा प्रत्यक्ष उपयोग व्हावा, असा हेतू आहे.

गाठ कोणती व कोठे

डोळ्याचा गोल तीन थरांचा असतो. बाहेरचा पांढरा व चिवट थर म्हणजे श्वेतपटल, मधला रक्तवाहिन्यांनी भरलेला काळसर थर म्हणजे रंजितपटल आणि आतला, प्रकाश टिपणारा नाजूक थर म्हणजे दृष्टिपटल. दृष्टिपटलाच्या मध्यभागी पीतबिंदू नावाचा लहानसा भाग आहे. वाचणे, सुईत दोरा ओवणे, समोरच्याचा चेहरा ओळखणे ही सर्व कामे या भागावर अवलंबून असतात. पीतबिंदूपासून थोड्या अंतरावर दृष्टिचेता डोळ्याबाहेर पडते व मेंदूकडे जाते. गाठ या दोन स्थानांपासून किती दूर आहे, यावर पुढे नजर किती राहणार हे फार मोठ्या प्रमाणात ठरते. म्हणून हे दोन शब्द वाचकांनी लक्षात ठेवावेत.

प्रौढ माणसांत डोळ्याच्या आतच सुरू होणारा प्रमुख कर्करोग मेलॅनोमा हा होय. तो रंजितपटलातील रंगद्रव्य तयार करणाऱ्या पेशींपासून होतो. गोऱ्या वर्णाच्या युरोपीय लोकांत तो दर दहा लाखांत वर्षाला पाच-सहा जणांस होतो, तर आशियाई लोकांत दर दहा लाखांमागे एकाहूनही कमी जणांस होतो. म्हणजे आपल्याकडे तो विरळा आहे. या विरळेपणाचा तोटाही आहे, कारण गावच्या दवाखान्यात तो कोणाच्या ध्यानी येत नाही. लहान मुलांत होणारा रेटिनोब्लास्टोमा हा दृष्टिपटलाचा कर्करोग मात्र आपल्या देशात तितका विरळ नाही. साधारण पंधरा ते अठरा हजार जन्मांमागे एका बालकास तो होतो आणि आपली लोकसंख्या पाहता ही संख्या लहान नव्हे. त्याविषयी पुढे स्वतंत्रपणे लिहिले आहे.

चकतीचा उपचार

पूर्वी डोळ्यात कर्करोग आढळला की डोळा काढून टाकणे हाच मार्ग होता. १९२९ साली लंडनच्या सेंट बार्थोलोम्यू रुग्णालयात फॉस्टर मूर या नेत्रवैद्याने रेडॉनयुक्त बारीक नळ्या गाठीत बसवून पाहिल्या. त्यांच्यामागून त्याच रुग्णालयातील हेन्री स्टॅलर्ड यांनी किरणोत्सर्गी कोबाल्टची चकती डोळ्याच्या बाहेरच्या पृष्ठभागावर टाके घालून बसविण्याची पद्धत रूढ केली. (हे स्टॅलर्ड १९२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये १५०० मीटर धावण्याच्या शर्यतीत कांस्यपदक मिळविणारे खेळाडू होते, हे वाचून आमच्या शिक्षक बंधूंस गंमत वाटेल.) उपचाराची पद्धत घडविणाऱ्या याच गृहस्थांनी १९३३ मध्ये किरणांमुळे दृष्टिपटलात होणाऱ्या बिघाडाचे वर्णनही लिहून ठेवले. गुण आणि दोष दोन्ही एकाच हाताने नोंदले गेले, ही गोष्ट विशेष होय.

पुढे कोबाल्टची जागा सौम्य व नेमका मारा करणाऱ्या पदार्थांनी घेतली. आयोडीन-१२५ व रुथेनियम-१०६ हे त्यांपैकी दोन प्रमुख होत. रुथेनियमचा वापर पूर्व बर्लिनमध्ये लोमाच यांनी १९६० नंतरच्या दशकात सुरू केला. त्याचे किरण काही मिलिमीटरच आत शिरतात. त्यामुळे पाच-सहा मिलिमीटरपर्यंत उंचीच्या गाठीस ते पुरतात आणि पलीकडच्या भागास त्यांचा त्रास थोडा होतो. गाठ त्याहून उंच असल्यास आयोडीनचे दाणे बसविलेली चकती वापरावी लागते.

आपल्या देशात मुंबईजवळ तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने आयोडीन-१२५ चे दाणे यापूर्वीच तयार केले होते. त्याच केंद्राने रुथेनियम-१०६ ची देशी चकतीही बनविली आणि २०२० साली दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील डॉ. राजेंद्र प्रसाद नेत्रविज्ञान केंद्रात ती प्रत्यक्ष वापरण्यात आली. अणुभट्टीत वापरून झालेल्या इंधनाच्या अवशेषांतून हे रुथेनियम वेगळे काढण्यात येते. ज्यास आपण टाकाऊ म्हणतो, त्यातून डोळा वाचविणारी वस्तू निघते. रुथेनियमचे अर्धायुष्य सुमारे एक वर्ष असल्याने तीच चकती निर्जंतुक करून अनेक रुग्णांसाठी वापरता येते. परदेशातून आणाव्या लागणाऱ्या चकतीच्या तुलनेत ही सोय मोठी आहे. इंदूरकरांस अणुऊर्जा विभाग परका नाही. शहराच्या सीमेवरील राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र हे १९८४ साली स्थापन झालेले त्याच विभागाचे केंद्र होय.

उपचार असा केला जातो. भूल देऊन, गाठ आतून ज्या ठिकाणी आहे त्याच्या बरोबर बाहेरच्या बाजूस श्वेतपटलावर चकती शिवतात. बटणाएवढी ही चकती डोळ्याच्या गोलाईप्रमाणे वाकविलेली असते. ठरलेली मात्रा पूर्ण होईपर्यंत, म्हणजे साधारणपणे तीन ते सात दिवस ती तेथे ठेवून मग दुसऱ्या लहान शस्त्रक्रियेने काढून घेतात. चकती काढल्यावर रुग्णाच्या अंगात किरणोत्सर्ग शिल्लक राहत नाही. तो घरी आल्यावर मुलाबाळांनी त्याच्याजवळ जाऊ नये, त्याचे ताट वेगळे ठेवावे, असे समज काही ठिकाणी आढळतात. त्यांना आधार नाही.

हा उपचार डोळा काढण्याइतकाच भरवशाचा आहे काय, असा प्रश्न विचारला जातो व तो रास्त आहे. अमेरिका व कॅनडातील ४३ केंद्रांनी १९८७ ते १९९८ या काळात मध्यम आकाराच्या मेलॅनोमाच्या १३१७ रुग्णांची पाहणी केली. निम्म्यांचा डोळा काढला, निम्म्यांस चकती बसविली. २००१ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा पाच वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण दोन्ही गटांत जवळजवळ सारखे, म्हणजे शेकडा १८ ते १९ आढळले. डोळा राखल्याने जिवास अधिक धोका झाला नाही. परंतु त्याच पाहणीत दुसरी एक गोष्ट दिसली. चकती बसविलेल्या डोळ्यांपैकी शेकडा ४३ डोळ्यांची दृष्टी तीन वर्षांच्या अखेरीस ६/६० किंवा त्याहून कमी झाली होती. म्हणजे निरोगी डोळा साठ मीटरवरून जे अक्षर वाचतो, ते त्या डोळ्यास सहा मीटरवर येऊनही कसेबसे दिसे. आज उपलब्ध असलेली इंजेक्शने त्या काळी नव्हती, हे ध्यानात घेऊनच हा आकडा वाचावा.

उशिरा उगवणारी इजा

दृष्टिपटलातील केशवाहिन्यांच्या आतून पेशींचे एक पातळ अस्तर असते. किरणांचा मारा झाल्यावर या पेशी लगेच मरत नाहीत. त्या नव्याने विभागण्याची वेळ येते, तेव्हा त्या टिकत नाहीत. त्यामुळे हे अस्तर महिन्यांमागून महिने विरत जाते. जुन्या धोतराचे सूत जसे आधी विरळ होते व मग एके दिवशी फाटते, तसेच येथे घडते. विरळ झालेल्या वाहिनीतून पाणी व स्निग्ध द्रव्य पाझरते. पीतबिंदूवर ते साचले की सूज येते आणि सरळ रेषा वाकड्या दिसू लागतात. काही वाहिन्या पूर्ण बंद पडतात, त्यांच्यावर पोसलेला दृष्टिपटलाचा भाग उपाशी राहतो आणि मदतीची हाक म्हणून एक रसायन सोडतो. त्या रसायनामुळे नव्या वाहिन्या फुटतात खऱ्या, पण त्या कच्च्या असतात. त्यांतून डोळ्यात रक्तस्राव होतो, बाहुलीभोवती त्या पसरल्यास डोळ्यातील दाब वाढून असह्य कळा सुरू होतात, आणि मोठ्या कष्टाने वाचविलेला डोळा अखेर काढून टाकण्याची पाळी येते.

मधुमेहाने होणारा दृष्टिपटलाचा विकार ज्यांनी घरात पाहिला असेल, त्यांना हे वर्णन ओळखीचे वाटेल. दोन्ही विकारांत वाहिन्यांची हानी बरीचशी सारखीच असते. म्हणूनच ज्यास मुळात मधुमेह किंवा रक्तदाब आहे, त्याच्या डोळ्यास किरणांची इजा लवकर व अधिक होते. किरणोपचारानंतर साखर व रक्तदाब ताब्यात ठेवणे हा नजर राखण्याच्या उपचाराचाच भाग समजावा. आमच्या मते या बाबीकडे सर्वांत कमी लक्ष दिले जाते, कारण डोळ्याचा डॉक्टर साखरेबद्दल विचारतो, याचे रुग्णास नवल वाटते व तो उत्तर टाळतो.

पीतबिंदूवरील सूज काही रुग्णांत चौथ्या महिन्यापासूनच ओ.सी.टी. या तपासणीत दिसते. त्या वेळी रुग्णास स्वतःला काहीही जाणवत नाही. ओ.सी.टी. मध्ये प्रकाशाच्या साहाय्याने दृष्टिपटलाच्या थरांचे उभे चित्र घेतात. सुई नाही, दुखणे नाही, हनुवटी टेकून काही क्षण समोर पाहावयाचे एवढेच. रुग्णास लक्षण जाणवण्याच्या आधी आणि डॉक्टरास साध्या तपासणीत दोष दिसण्याच्याही आधी सूज ओळखता येते. उपचारास खरी वेळ हीच असते.

काय करता येते

वर सांगितलेले रसायन निष्प्रभ करणारी औषधे आज उपलब्ध आहेत. बेव्हासिझुमॅब, रॅनिबिझुमॅब व ॲफ्लिबरसेप्ट ही त्यांची नावे. यांपैकी पहिले मुळात आतड्याच्या कर्करोगासाठी तयार झाले व २००४ मध्ये अमेरिकेत मान्य झाले. पुढे नेत्रवैद्यांनी त्याची अगदी लहान मात्रा डोळ्यासाठी वापरण्यास आरंभ केला. तीन औषधांत ते सर्वांत स्वस्त पडते. थेंब घालून डोळा बधिर करतात व बारीक सुईने औषध डोळ्याच्या पोकळीत सोडतात. डोळ्यात सुई या कल्पनेनेच पुष्कळांच्या अंगावर काटा येतो, पण प्रत्यक्षात हे काम काही क्षणांत होते व रुग्ण त्याच दिवशी घरी जातो. इंजेक्शनानंतर पहिल्या काही दिवसांत डोळा लाल होऊन दुखू लागला व अंधुक दिसू लागले, तर मात्र उद्याची वाट पाहू नये. जंतुसंसर्ग झाला असल्यास काही तासांचा विलंबही महाग पडतो.

एका इंजेक्शनाचा परिणाम काही आठवडेच राहतो. म्हणून ती पुन्हा पुन्हा घ्यावी लागतात. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथील विल्स नेत्र रुग्णालयात सूज येण्याची वाट न पाहता, चकती काढल्यापासून दर चार महिन्यांनी दोन वर्षे इंजेक्शन देण्याची पद्धत अवलंबिण्यात आली. अशा रुग्णांत पीतबिंदूची सूज व दृष्टिनाश यांचे प्रमाण पूर्वीच्या रुग्णांपेक्षा कमी आढळले. प्रत्येक रुग्णास आधीच इंजेक्शने द्यावीत की ओ.सी.टी. वर सूज दिसताच द्यावीत, याविषयी तज्ज्ञांत अजून एकमत नाही. मात्र एका गोष्टीवर सर्वांचे एकमत आहे. वाहिन्या बंद पडून पीतबिंदू वा दृष्टिचेता सुकून गेल्यावर दिलेले औषध गेलेली नजर परत आणत नाही. या औषधांनी हानी लांबणीवर पडते व काही जणांत ती टळते. गाठ दृष्टिचेतेला लागूनच असेल, तर सर्व काही वेळेवर करूनही नजर उतरू शकते. डॉक्टरांनी हे रुग्णास आरंभीच सांगावे आणि रुग्णाने ते ऐकून घ्यावे. खोटी आशा दिल्यास पहिल्या अपयशाबरोबर रुग्ण येणेच सोडून देतो.

याशिवाय काही रुग्णांस डोळ्यात स्टेरॉइड औषध द्यावे लागते. त्याने सूज उतरते, पण डोळ्यातील दाब वाढण्याचा व मोतीबिंदू होण्याचा संभव असल्याने दाब वारंवार मोजावा लागतो. उपाशी राहिलेल्या भागावर लेसरचे डाग देऊन नव्या कच्च्या वाहिन्यांस आळा घालता येतो. किरणांमुळे होणारा मोतीबिंदू हा तर या सर्वांत सौम्य शत्रू. गाठ शांत झाल्याची खात्री करून नेहमीच्या शस्त्रक्रियेने तो काढता येतो. म्हणून किरणोपचार झालेल्या डोळ्याने अंधुक दिसू लागले की 'आता तो गेलाच' असे समजून घरी बसू नये. अंधुकपणा मोतीबिंदूचा असेल, तर तो दूर होण्यासारखा आहे.

प्रवास आणि पाठपुरावा

आता एक उदाहरण घेऊ. समजा, देपालपूर भागातील एका पन्नाशीच्या शेतकऱ्यास उजव्या डोळ्याने कडेला सावली दिसू लागली. इंदुरात तपासणी झाली, मेलॅनोमाचे निदान झाले आणि त्यास चकतीसाठी दूरच्या संस्थेकडे पाठविण्यात आले. चकतीची सोय देशातील मोजक्या संस्थांत आहे. दिल्लीचे वर उल्लेखिलेले केंद्र, चेन्नईचे शंकर नेत्रालय, हैदराबादची एल. व्ही. प्रसाद नेत्रसंस्था ही त्यांतील काही नावे. चकती बसली, निघाली, माणूस घरी आला. पहिली तपासणी त्याने चुकविली नाही. दुसरीची तारीख सोयाबीनच्या काढणीत आली. तिसरीच्या वेळी डोळ्याने चांगले दिसत होते, तेव्हा एवढ्या लांब जाऊन हजारो रुपये खर्च कशाला, असे घरात ठरले. दीड वर्षाने वर्तमानपत्र वाचताना अक्षरांच्या मध्ये भोक दिसू लागले. तेव्हा निघालेला प्रवास वर्षभर उशिराचा होता. यात हलगर्जी कोणाची, हे ठरविणे सोपे नाही. डोळ्यास काही त्रास नसताना आठशे किलोमीटरचा प्रवास करा, असे सांगितल्यावर तो किती जण करतील?

या अडचणीतून वाट आहे, आणि ती बऱ्याच जणांस ठाऊक नाही. चकती बसविणे हे मोजक्या केंद्रांचे काम असले, तरी चकतीनंतरची नजर राखण्यासाठी लागणारी साधने मधुमेही डोळ्यांसाठी लागतात तीच आहेत. ओ.सी.टी. चे यंत्र, डोळ्यातील इंजेक्शन, लेसर आणि दृष्टिपटलाचा जाणकार नेत्रवैद्य या चार गोष्टी इंदूरसारख्या शहरात मिळतात. तेव्हा मूळ केंद्रातून निघतानाच रुग्णाने डॉक्टरांकडून लेखी कागद मागून घ्यावा. त्यात गाठ कोठे होती, तिची उंची किती होती, किरणांची मात्रा किती दिली, पीतबिंदू व दृष्टिचेता यांना त्यातील किती पोहोचली असावी, आणि कोणत्या महिन्यात कोणती तपासणी व्हावी, हे लिहिलेले असावे. तो कागद घेऊन इंदुरातील नेत्रवैद्याकडे नाव नोंदवावे. दर तीन-चार महिन्यांची ओ.सी.टी. व जरूर पडल्यास इंजेक्शन इंदुरात, आणि गाठीचे मोजमाप घेण्यासाठी ठरलेल्या अंतराने मूळ केंद्राकडे प्रवास, अशी वाटणी दोन्ही डॉक्टरांच्या संमतीने करता येते. ओ.सी.टी. ची चित्रे आता दूरध्वनीवरूनही पाठविता येतात. मात्र गाठ पुन्हा वाढते आहे की काय, हे पाहण्याची सोनोग्राफी तिचा सराव असलेल्या हातांनीच करावी, असे आमचे मत आहे. मेलॅनोमाच्या रुग्णाने यकृताची तपासणीही सांगितलेल्या अंतराने करवून घेतली पाहिजे, कारण हा रोग पसरल्यास बहुधा प्रथम यकृतात पसरतो. ती इंदुरात सहज होते.

घरी नजर तपासण्याची साधी रीत अशी. दररोज सकाळी, चष्मा असल्यास तो लावून, निरोगी डोळा तळहाताने झाकावा, पण दाबू नये. उपचार झालेल्या डोळ्याने खिडकीच्या उभ्या-आडव्या गजांकडे किंवा चौकटीच्या फरशीकडे पाहावे. रेघा वाकलेल्या, तुटलेल्या अथवा मध्ये डाग असल्यासारख्या दिसतात काय, ते पाहावे. भिंतीवरील दिनदर्शिकेचे आकडे ठरलेल्या जागी बसून वाचावेत आणि कालपर्यंत वाचता येणारा आकडा आज वाचता येत नसेल तर तशी नोंद करावी. दोन्ही डोळे उघडे ठेवून पाहिल्यास निरोगी डोळा दुसऱ्याचा दोष झाकून टाकतो. नजर गेल्याचे कित्येक महिने कळत नाही, याचे हे एक प्रमुख कारण आहे. काळे ठिपके वा जाळे एकाएकी दिसू लागणे, डोळा लाल होऊन डोके दुखणे, यांपैकी काही झाल्यास ठरलेल्या तारखेची वाट न पाहता जावे.

दुसरा डोळा हीही मोठी ठेव आहे. मळणी, वेल्डिंग, लाकूड फोडणे अशी कामे करताना न फुटणाऱ्या काचेचा चष्मा वापरल्याशिवाय त्यास उघडे ठेवू नये.

लहान मुले व शाळा

रेटिनोब्लास्टोमा बहुधा पाच वर्षांच्या आत आढळतो. अंधाऱ्या खोलीत किंवा छायाचित्रात मुलाची बाहुली पांढरी चकाकणे व डोळा तिरळा होणे ही त्याची लक्षणे होत. मांजराच्या डोळ्यासारखी चमक दिसली की नजर लागली असे म्हणून मीठ-मोहऱ्या ओवाळणे चालते, तेवढ्यात गाठ वाढत असते. पूर्वी अशा मुलांस बाहेरून किरण देत. हा रोग आनुवंशिक असलेल्या मुलांत त्यामुळे पुढे दुसरे कर्करोग होण्याचा धोका वाढतो असे दिसून आल्यावर तो उपचार मागे पडला. आता औषधोपचार, लेसर व शीतोपचार यांवर भर असतो आणि निवडक गाठींसाठी चकती वापरतात.

मुलाच्या बाबतीत नजर राखण्याचा एक भाग असा आहे की तो रुग्णालयात होत नाही. लहान वयात मेंदू पाहण्यास शिकत असतो. ज्या डोळ्यात गाठ होती, त्या डोळ्याकडून येणारे चित्र अंधुक असल्याने मेंदू त्याकडे दुर्लक्ष करू लागतो. पीतबिंदू शाबूत असला, तरी सरावाअभावी तो डोळा आळशी होतो. त्यावर उपाय म्हणून चांगल्या डोळ्यावर रोज ठराविक तास पट्टी बांधतात. पट्टी बांधली की मुलास कमी दिसते, ते रडते, ती ओढून काढते. आजीच्या डोळ्यांस ते पाहवत नाही, आणि चार दिवसांत पट्टी बंद पडते. आईने सकाळी पट्टी बांधून मुलास अंगणवाडीत वा शाळेत पाठविले, तर तेथील ताईंनी व गुरुजींनी ती राखावी. मुलास पहिल्या रांगेत बसवावे, फळ्यावर अक्षर मोठे काढावे, आणि इतर मुले चिडवू लागल्यास वर्गास कारण समजावून सांगावे. वर्गात मणी ओवणे, चित्रे रंगविणे ही कामे पट्टीच्या वेळेतच द्यावीत, म्हणजे आळशी डोळ्यास काम मिळते. पट्टीचे तास डॉक्टर मुलाच्या वयावरून ठरवितात. घरच्यांनी ते मनाने वाढवू नयेत, कारण जास्त वेळ झाकल्याने चांगला डोळाही मागे पडू शकतो. एका मुलास हा रोग असल्यास पाठच्या भावंडांचे डोळे जन्मल्याबरोबर तपासणे जरूर आहे.

कार्यालयांतील मंडळींसाठी

कर्करोगाच्या रुग्णास उपचारासाठी किंवा पुढील तपासणीसाठी जाताना रेल्वे भाड्यात सवलत मिळते व सोबत्यासही ती मिळते. त्यासाठी रुग्णालयाचे ठराविक नमुन्यातील प्रमाणपत्र लागते. ही सवलत केवळ पहिल्या उपचारापुरती नसून तपासणीच्या फेऱ्यांसही लागू आहे, हे पुष्कळांस ठाऊक नसते. ग्रामपंचायत व आरोग्य उपकेंद्राच्या सेवकांनी तेवढे सांगितले, तरी एखादी चुकणारी तारीख वाचेल.

२०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. तथापि रुग्णालयातून घरी गेल्यावर एकूण पंधरा दिवसांचाच खर्च त्या उपचारात धरला जातो. आपण पाहिले की या रोगात नजरेवरचे संकट महिन्यांनी व वर्षांनी येते. म्हणून पुढील प्रत्येक इंजेक्शनाच्या वेळी, ते योजनेतील स्वतंत्र उपचार म्हणून बसते काय, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधी विचारून घ्यावे. अपंगत्वाच्या दाखल्याबाबतही गैरसमज आहे. एक डोळा पूर्ण गेला व दुसरा चांगला असला, तर नियमांप्रमाणे अपंगत्व शेकडा ३० धरले जाते आणि बहुतेक सवलतींसाठी शेकडा ४० लागते. एका डोळ्याची नजर गमावलेल्या माणसास त्यामुळे कागदोपत्री फारसे काही मिळत नाही, मग त्याला रात्री सायकल चालविता येत नसो वा मळणीयंत्राजवळ अंतराचा अंदाज येत नसो.

प्राथमिक आरोग्य केंद्रात मधुमेह व रक्तदाबाच्या रुग्णांची जी नोंदवही असते, तिच्यात किरणोपचार झालेल्या डोळ्याच्या रुग्णाचे नाव व पुढील तपासणीचा महिना लिहून ठेवण्यास वेगळी मंजुरी वा निधी लागत नाही. संपूर्ण तालुक्यात अशी नावे दोन-चारच निघतील. महिना उलटला व रुग्ण गेला नाही असे दिसले, तर आशा कार्यकर्तीने घरी जाऊन विचारावे आणि जाताना खिडकीच्या गजांची ती परीक्षा समोर बसून करवून घ्यावी.